चुक्कीची जात कोणती?

आपल्या सीमाभागात नव्या माणसाची ओळख झाली की पहिला प्रश्न येतो, "गाव कुठलं तुमचं?" आणि थोडे घुटमळून दुसरा, "घरात काय बोलता, मराठी की कन्नड?" दोन्ही बोलतो म्हटले तर समोरच्याचे समाधान होत नाही. त्याला एकच खण हवा असतो, म्हणजे त्यात आपल्याला ठेवून तो मोकळा होतो. माणसांचे सोडा, मांजरांचीही यातून सुटका नाही. घरात जरा वेगळे दिसणारे मांजर असले की येणारा-जाणारा विचारतोच, "कुठल्या जातीचं हो?" कन्नड बोलणारा असला तर, "याव जाती री?" शब्दसुद्धा तोच!

आमच्या घरी जानेवारी २०२३ पासून चुक्की नावाची मांजरी आहे. फिक्या तपकिरी अंगावर पाठीपासून पोटापर्यंत काळे ठिपके, पायांवर पट्टे, डोळे हिरवट पिवळे. नाव माझ्या सासूबाईंनी ठेवले. त्यांचे माहेर बैलहोंगल तालुक्यातले. चाळीस वर्षे मराठी घरात काढली, तरी माया करायची तर ती कन्नडमध्येच. चुक्की म्हणजे ठिपका, आणि त्यांच्याकडे चांदणीलाही चुक्कीच म्हणतात. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो.

चुक्की आली ती अव्वांच्या भावाच्या गुऱ्हाळावरून. चिपाडाच्या ढिगामागे दोन पिल्ले होती, त्यातले एक मेलेले. मामांनी दोन रात्री आईची वाट पाहिली. ती काही आली नाही. जिवंत पिल्लू मात्र तिसऱ्या दिवशी आपणहून चुलवणावरच्या माणसाच्या मांडीवर जाऊन बसले. त्याच वर्षी आमचे मामंजी गेले होते. बहिणीचे मन रमेल म्हणून मामा ते पिल्लू टोपलीतून घेऊन आले. आणि खरेच रमले. संध्याकाळी जेवणाआधी दारात बसून मामंजींची वाट पाहायची जुनी सवय अव्वांना सुटत नव्हती. आता त्या वेळेला चुक्की त्यांच्या मांडीवर असे.

एका मांजरीवर पाच मते

पिल्लू चार महिन्यांचे झाले तसे ठिपके उठून दिसू लागले आणि मते सुरू झाली. त्यातही काळ कसा होता पाहा! ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगाव शहरात बिबट्या आला होता, हे कोण विसरेल? जाधव नगरात दिसला, मग गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद ठेवाव्या लागल्या. शोधासाठी शिमोग्याजवळच्या सक्रेबैल छावणीतून हत्ती आणले गेले. त्यानंतर आमच्या गल्लीत ठिपके म्हटले की बिबट्या, हे ठरूनच गेले होते.

शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहून सांगितले, "वहिनी, हे मांजर न्हवं, बिबट्याचं पिल्लू हाय बघा." खानापूरकडून दूध घेऊन येणारे गवळी म्हणाले, "वाघाटी हाय ती. आमच्या रानात हाईत असली." समोरच्या कन्नड शिक्षिकाबाईंचे मत, "इदु काडबेक्कु री," म्हणजे रानमांजर. नववीतल्या माझ्या मुलाने जाहीर केले की ही बेंगाल जातीची आहे आणि अशी मांजरे हजारो रुपयांना विकली जातात. आमचे हे म्हणाले, "मांजर आहे, एवढं पुरे."

मुलाचे मत गल्लीत पसरले, आणि एका रविवारी ओळखीतले एक गृहस्थ दारात हजर. पंधरा हजार देतो म्हणाले. अव्वांनी चुक्कीला पदराखाली घेतले आणि, "सुम्मने इर्री. इदु नम्म चुक्की," असे सुनावले. गृहस्थ परत गेले. पण गवळ्यांचे बोलणे मात्र ह्यांच्या मनात राहिले. हे सरकारी नोकर. वाघाटी असेल तर घरात ठेवणे हा गुन्हा, हे त्यांना माहीत होते. त्यांनी स्पष्टच सांगितले, "डॉक्टरांना दाखवू. रानातली निघाली तर वन खात्याच्या स्वाधीन करायची. मग रडायचं नाही."

त्या रात्री अव्वा जेवल्या नाहीत. मला हळूच विचारले, "तगोंड होगतारेन?" नेतील का गं हिला? जातीचा प्रश्न तोपर्यंत गमतीचा होता. तिथून तो गमतीचा राहिला नाही.

बेंगालचे बंगालशी नाते काय?

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत आठवडा होता. मी आणि मुलाने त्या आठवड्यात जमेल तेवढे वाचून काढले. पहिली मजा कळली ती बेंगालची. हे मांजर बंगालमधले नाहीच. ते घडले अमेरिकेतील कॅलिफोर्नियात. आशियाच्या जंगलात बिबट्यासारख्या ठिपक्यांचे एक छोटे रानमांजर असते. रॉबर्ट कर यांनी १७९२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, ते बंगालमधल्या नमुन्यावरून. म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात 'बेंगालेन्सिस' हा शब्द आला, आणि त्यावरूनच पुढे पाळीव जातीला बेंगाल म्हणू लागले.

जीन मिल नावाच्या बाईंनी असे एक रानमांजर पाळले होते. त्याचा घरच्या बोक्याशी संकर होऊन १९६३ मध्ये पिल्लू झाले. पुढे काही वर्षे हे काम थांबले. १९८० च्या सुमारास डॉ. विलार्ड सेंटरवॉल यांच्याकडची संकरित मांजरे घेऊन त्यांनी पुन्हा सुरुवात केली. हे डॉक्टर मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करत होते आणि त्यासाठी त्यांनी हे संकर केले होते. पण अशा संकरातले पहिल्या पिढ्यांचे बोके वांझ निघत. त्यामुळे चांगला ठिपकेदार पाळीव बोका कुठून आणायचा, हा प्रश्न उभा राहिला.

तो बोका कुठे सापडला असेल? आपल्या दिल्लीत! १९८२ मध्ये मिल पती-पत्नी दिल्लीला आले असता तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणारे एक बेवारशी मांजर त्यांना दाखवण्यात आले. नारिंगी झाक, अंगभर गडद ठिपके, आणि केसांना चकाकी. ते त्यांनी अमेरिकेला नेले, त्याचे नाव 'टोरी ऑफ दिल्ली' ठेवले. बेंगाल मांजरांच्या अंगावरची प्रसिद्ध चकाकी याच दिल्लीकराकडून आली असे मानतात. १९९१ मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय मांजर संघटनेने या जातीला स्पर्धेत उतरण्याचा पूर्ण दर्जा दिला.

हे वाचून अव्वांना सांगितले तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. ज्या मांजरासाठी लोक हजारो रुपये मोजतात, त्याच्या पूर्वजांत आपल्याकडचे, गेंड्याच्या गोठ्यातले भटके मांजर आहे!

ठिपक्यांच्या आणखीही जाती आहेत. इजिप्शियन माऊ ही ठिपक्यांची जुनी जात. तिला १९५० च्या दशकात नाताली त्रुबेत्स्कॉय या रशियन राजघराण्यातल्या बाईंनी इटलीतून अमेरिकेत नेले. ओसिकॅट दिसते अगदी जंगली, पण तिच्यात रानाचे रक्त थेंबभरही नाही. १९६४ मध्ये मिशिगनमध्ये अॅबिसिनियन आणि सयामी मांजरांच्या संकरातून एक ठिपकेदार पिल्लू अनपेक्षितपणे जन्मले, तिथून ती सुरू झाली. म्हणजे ठिपके पाहून जात सांगता येत नाही. जात ठरते ती कागदावर. आई-बापांची, आजी-आजोबांची नोंद संघटनेकडे असेल तरच. मांजरांच्या बहुतेक जाती फार जुन्याही नाहीत. पहिले मोठे मांजर-प्रदर्शन लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरले ते १८७१ मध्ये. त्यानंतरच हे जातींचे वेड वाढले.

रानातले ठिपकेवाले

बेंगालचा प्रश्न असा सुटला, पण तो आमचा खरा प्रश्न नव्हताच. खरा प्रश्न गवळ्यांचा होता. चुक्की रानातली आहे का?

आपल्या भागात ठिपक्यांची रानमांजरे खरोखरच आहेत. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यासारख्या सह्याद्रीच्या ओल्या जंगलात ते 'बेंगालेन्सिस' असते. आणि कोरड्या माळावर, झुडपांत, उसाच्या शेतात असते ते दुसरे, तांबूस ठिपक्यांचे चिमुकले रानमांजर. गावाकडे दोघांनाही वाघाटी म्हणतात.

हे दुसरे मांजर जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढले तरी वजन सव्वा ते दीड किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या घरच्या बोक्याच्या निम्म्याहून कमी. ते फक्त भारत, श्रीलंका आणि नेपाळमध्ये सापडते. १८३१ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले तेही पाँडिचेरीच्या नमुन्यावरून. २०१६ पासून जागतिक यादीत ते संकटाच्या उंबरठ्यावरचा प्राणी म्हणून नोंदले आहे. ही दोन्ही मांजरे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. ती पकडणे, पाळणे, विकणे, सगळे गुन्हा.

याशिवाय जवादी मांजर आहे. कन्नडमध्ये पुनुगिन बेक्कु. त्याच्याही अंगावर ठिपके आणि शेपटीवर वळी असतात. पण तोंड निमुळते, मुंगसासारखे. नाव मांजर असले तरी ते मांजराच्या कुळातले नाही.

आणि मामांचे गुऱ्हाळ तर उसाच्या मधोमध! वाचत गेले तशी माझी धाकधूक वाढतच गेली.

डॉक्टरांच्या टेबलावर

जनावरांच्या दवाखान्यात अव्वा हट्टाने बरोबर आल्या. टोपली त्यांच्याच मांडीवर. डॉक्टर मूळचे धारवाडकडचे, त्यामुळे बोलणे आमच्या घरासारखेच, अर्धे मराठी, अर्धे कन्नड. त्यांनी चुक्कीला टेबलावर ठेवले. दोन मिनिटे पाहिले आणि अव्वांनाच विचारले, "अज्जी, हिच्या कपाळावर काय लिहिलंय?"

कपाळावर काळ्या रेघांनी इंग्रजी एम अक्षर उमटलेले होते. डॉक्टर म्हणाले, पट्ट्या-ठिपक्यांच्या घरच्या मांजराची ही पहिली खूण. वाघाटीच्या कपाळावर असे अक्षर नसते. तिच्या डोळ्यांमधून निघालेल्या उभ्या रेघा सरळ डोक्यावरून मानेकडे जातात, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी वर चढणारे ठळक पांढरे पट्टे असतात.

मग कान. चुक्कीचे कान टोकदार, मागून अंगाच्याच रंगाचे. जंगलातल्या वाघाटीचे कान गोलसर, मागून काळे आणि त्यावर पांढरा ठिपका. उसातल्या चिमुकल्या वाघाटीचेही कान लहान आणि गोल.

मग शेपटी. चुक्कीची लांब, टोकाकडे निमुळती, वळ्यावळ्यांची आणि टोक काळे. चिमुकल्या वाघाटीची शेपटी शरीराच्या साधारण निम्मी, जाडसर, आणि तिच्यावर वळी जवळजवळ नसतातच.

शेवटी डॉक्टरांनी चुक्कीचा पुढचा डावा पाय उचलला. चारही बोटे पांढरी, जणू अर्धा मोजा घातलेला. म्हणाले, "सगळ्यात सोपी खूण ही. रानमांजराचं पोट पांढरं असतं, गळा पांढरा असतो, पण दोन्ही बाजूंना सारखं. असा एकाच पायाला मोजा, छातीवर वेडावाकडा पांढरा डाग, हे माणसाच्या सोबतीत वाढलेल्या जनावराचं लक्षण." मोजा आम्ही रोज पाहत होतो. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

बिबट्याचा प्रश्न तर त्यांनी एका वाक्यात मिटवला. बिबट्याचे पिल्लू जन्मतानाच अर्धा किलोच्या आसपास असते. घरच्या मांजराचे जेमतेम शंभर ग्रॅम. चार महिन्यांचा बिबट्या टोपलीत मावला नसता!

मग त्यांनी लसीकरणाचे कार्ड काढले. नाव, वय, रंग लिहिले. जातीचा रकाना आला. मुलगा अजून आशेने पाहत होता. डॉक्टरांनी लिहिले, 'देशी'. अव्वांनी ते अक्षर मला वाचून दाखवायला सांगितले आणि कार्ड घडी करून कमरेच्या चंचीत ठेवले. परतीच्या वाटेवर त्या सगळा वेळ चुक्कीशीच बोलत होत्या.

ठिपके येतात कुठून?

मग देशी मांजराला ठिपके आले कुठून? मुलाचा हा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शास्त्रज्ञांना गेल्या काही वर्षांतच नीट मिळू लागले आहे.

जगातली सगळी घरची मांजरे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या एका रानमांजराच्या वंशातली आहेत, हे २००७ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसले. त्या पूर्वजाच्या अंगावर फिकट पट्टे असतात. म्हणजे पट्टे हा मांजराचा मूळचा वारसा. तो पुसट होतो, झाकला जातो किंवा उठून दिसतो, एवढाच फरक. काळ्या कुळकुळीत मांजराला उन्हात बसलेले पाहा. नीट पाहिले तर पुष्कळदा अंगावर पुसट पट्टे दिसतात.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या ग्रेग बार्श, ख्रिस्तोफर केलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जनुक शोधले. त्यात बदल झाला की माशाच्या काट्यासारखे बारीक पट्टे जाऊन मोठे वळणदार डाग येतात. याच गटाने २०२१ मध्ये आणखी पुढची गोष्ट दाखवली. पिल्लू आईच्या पोटात असताना, अंगावर केस येण्याच्याही आधी, त्याच्या कातडीत जाड आणि पातळ भागांची नक्षी तयार होते. जिथे जाड, तिथे पुढे काळा रंग येतो. म्हणजे रांगोळीचे ठिपके आधी, रंग नंतर! ठिपकेदार मांजरात हेच बारीक पट्टे इतर जनुकांच्या प्रभावाने तुकड्या-तुकड्यांत तुटतात.

यासाठी जंगलाचे रक्त लागत नाही, की परदेशी जातही लागत नाही. आपल्या बाजारपेठेत, देवळामागे, मासळीच्या गाड्याखाली फिरणाऱ्या मांजरांत ठिपकेवाली कितीतरी दिसतील. टोरी ऑफ दिल्ली तसलाच एक होता. आमची चुक्कीही तसलीच.

उसाच्या फडातली पिल्ले

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर मी ती तुम्हाला लिहून कळवली नसती. पुढचे ऐका.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मामांच्या शेतात ऊसतोड चालू होती. फडाच्या शेवटच्या काही सऱ्या राहिल्या असताना टोळीतल्या एका बाईला पाचटात दोन पिल्ले दिसली. मूठभर आकाराची, ठिपक्यांची. टोळीतल्या मुलांनी ती लगेच उचलायला हात पुढे केले. एकाने तर शहरात विकायची भाषाही केली. मामांनी सगळ्यांना थांबवले आणि आधी आम्हाला फोन लावला.

फोन अव्वांनी घेतला. त्यांनी विचारले, "हण्यी म्याल एन ऐती?" कपाळावर काय आहे? मामा म्हणाले, उभ्या रेघा, मानेपर्यंत. कान? गोल, बारीक. शेपटी? आखूड, वळी नाहीत. मोजे? कुठल्याच पायाला नाहीत. अव्वा म्हणाल्या, "हात लावू नका. ती आपली न्हवं. आई हाय त्यांची."

मामांनी वन खात्याला कळवले. तेवढ्या सऱ्यांची तोड त्या दिवसापुरती थांबली. माणसे आली, त्यांनी पिल्ले पाहिली, वाघाटीचीच म्हणाली. पिल्ले होती तिथेच, उथळ खोक्यात पाचट घालून ठेवली आणि सगळ्यांना लांब जायला सांगितले. रात्र गेली. पहाटे खोक्यात एकच पिल्लू होते. दुसऱ्या रात्रीनंतर तेही नव्हते. ओल्या मातीत आईची बारीक पावले उमटली होती.

हे आमच्याच भागात झाले असे नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ माणिकडोह येथे वन खात्याचे बिबट्या निवारा केंद्र आहे. वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था तिथे काम करते. तोडीच्या हंगामात उसात सापडलेली बिबट्याची आणि वाघाटीची पिल्ले तिथली मंडळी याच रीतीने आईकडे पोचवतात. जागा तीच, वेळ संध्याकाळची, माणसे लांब आणि शक्य असेल तर झाडाला कॅमेरा. आई बहुधा जवळपासच असते. तोडीच्या गलक्याने ती दूर गेलेली असते, इतकेच. पिल्ले एकटी दिसली म्हणून ती अनाथ नसतात. आपण उचलून नेली की मात्र अनाथ होतात. घरी दूध पाजून वाढवलेले रानमांजर पुढे ना घरचे होते, ना रानचे. शिकार त्याला आईच शिकवते. आपल्याला ते जमणारे नाही.

लक्षात ठेवण्यासारखे

तोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. चिकोडी, अथणी, गोकाकपासून कोल्हापूरपर्यंत आपले सगळेच नातेवाईक उसाशी बांधलेले. म्हणून या काही गोष्टी घरात मुलांनाही सांगून ठेवाव्यात, मराठीत आणि कन्नडमध्येही.

कपाळावर एम, टोकदार कान, वळ्यांची निमुळती शेपटी, एखाद्या पायाला पांढरा मोजा, तर ते घरचे मांजर. एकच खूण पाहून ठरवू नये. सगळ्या खुणा जुळवून पाहाव्यात.

कपाळावरून मानेकडे जाणाऱ्या उभ्या रेघा, नाकाशेजारी पांढरे पट्टे, गोल कान, तर हात लावू नये. वन खात्याला कळवावे. महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही वन खात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. सीमेच्या कुठल्याही बाजूला असा, क्रमांक एकच!

रानातले जनावर चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने भरपूर वेळ धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिल्लू लहान आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. घरच्या मांजराला रेबीजची लस जरूर द्यावी.

'बेंगाल' म्हणून कोणी ठिपक्यांचे पिल्लू विकायला आणले तर आई-बापांच्या नोंदणीचे कागद मागावेत. कागद नसतील तर तुम्ही पैसे ठिपक्यांचे देता आहात. आणि याहून वाईट म्हणजे, ते पिल्लू एखाद्या फडातून उचललेलेही असू शकते. विकत घेणारा असतो म्हणून उचलणारा असतो.

आणि ठिपक्यांचे देशी मांजर घरी आले तर त्याला देशीच म्हणावे. त्यात कमीपणा काहीच नाही. जातीचा रकाना भरायला कागद लागतात. माया करायला मांडी लागते, ती तुमच्याकडे आहेच. आमच्या गल्लीत अजून कोणी ना कोणी विचारतेच, "याव जाती री?" अव्वांचे उत्तर ठरलेले आहे. "देशी," म्हणतात, आणि वर ठसक्यात सांगतात, "डॉक्टरांनी लिहून दिलंय!"